बाबांनी सरकवलेला बांध आणि शेवटचा न्याय

वाडीतली_लेक

नमस्कार मंडळी. एरवी मी लोणच्यांच्या आणि गुडघेदुखीच्या धाग्यांवर असते. हे कुठे विचारावं कळेना, म्हणून इथेच टाकतेय. खिल्ली उडवायची तर उडवा, पण आधी पूर्ण वाचा.

आम्ही वसईचे, वाडीवाले ख्रिस्ती. बाबा ८४ वर्षांचे. गेल्या पावसाळ्यापासून घराबाहेर पडणं बंद झालंय, त्यामुळे महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी फादर घरी येऊन कम्युनियन देतात. यंदा उपवासकाळातल्या शुक्रवारी बाबांनी मला खोलीबाहेर काढलं आणि कुमसार केलं, म्हणजे फादरांपुढे पापांची कबुली. त्यात नवल नाही, दर वर्षी ईस्टरआधी करतात, पाच मिनिटांत आटपतं. या वेळी फादरांचा चहा मी दोनदा गरम केला.

संध्याकाळी हाक मारली. "बाय, तो मागचा बांध आपला नाही."

मला वाटलं, भ्रम झालाय. पण त्यांनी सगळं सालासकट सांगितलं. १९७९. शेजारच्या वाडीचे काका आदल्या वर्षी अचानक गेले होते. मागे मावशी आणि तीन लहान मुलं. मधल्या बांधावर पांगाऱ्याच्या खुंट्यांचं कुंपण होतं. पावसाळा लागल्यावर बाबांनी जुन्या खुंट्या उपटल्या आणि दीड फूट पलीकडे नव्या ठोकल्या. एका रात्रीत नाही. पाच-सहा दिवस, रोज थोड्या थोड्या, "कुजल्यात, बदलतोय" असं दाखवत. पांगाऱ्याचा हिरवा दांडा पावसात कुठेही खुपसा, लागतो. लागला. आज त्याचे बुंधे माझ्या कवेत मावत नाहीत. आत्ता पानं गळून लालभडक फुलं आलीत, दर उपवासकाळात येतात, लहानपणी त्यांच्या पाकळ्यांची नखं करून आम्ही बोटांना लावायचो.

बांधाची लांबी सव्वाशे फूट. मी कॅलक्युलेटरवर केलं, १८७ चौरस फूट. पाव गुंठाही भरत नाही. केळीची एक ओळ बसली तिथे. त्या केळीच्या पैशातून माझ्या वह्या आल्या का, कोण सांगणार? पण आल्याच नाहीत असंही मी छातीठोक म्हणू शकत नाही.

मी विचारलं, "आपल्याला काय कमी होतं?" म्हणाले, "काही नाही. तो असता तर हिंमत झाली नसती. तो नव्हता म्हणून केलं."

मावशींना जाऊन वीस वर्षं झाली. त्यांच्या मयताला बाबांनी खांदा दिला होता. दर २ नोव्हेंबरला आमच्या कबरींवर मेणबत्त्या लावून झाल्या की बाबा एक मेणबत्ती त्यांच्या कबरीवर लावायचे. आम्ही कौतुकाने बघायचो.

इतक्या वर्षांच्या कुमसारांत खोटं बोललो, रागावलो, मिस्सा (चर्चमधली उपासना) चुकवली, सगळं सांगितलं. हे एवढंच राहिलं. राहिलं नाही, ठेवलं, असं ते स्वतःच म्हणाले. आता फादरांनी पापक्षमा दिली आणि सांगितलं की होईल तेवढं परत करा. (हे बाबांनीच सांगितलं. फादर कोणाला काही बोलले नाहीत, बोलू शकतही नाहीत.) तरी बाबा घाबरलेलेच. देवाला घाबरत नाहीत. म्हणतात, "देव समजून घेईल गं. न्यायाच्या दिवशी *तो* समोर उभा असेल त्याचं काय?"

भावाला फोन केला. वाडी आता त्याच्या नावावर आहे. तो म्हणाला, बारा वर्षं उलटली की कब्जा आपला, आणि म्हाताऱ्या माणसाचं किती मनावर घ्यायचं.

तर मला विचारायचंय ते असं. क्षमा झाली असेल तर भीती कशाची उरते? आणि भाऊ अडून बसला तर बाबांनी करायचं काय? मी स्वतः कुमसाराला जाऊन अकरा वर्षं झालीत, त्यामुळे धर्मशिक्षणाच्या वर्गातलं जे होतं ते पुसट झालंय.

धर्मशिक्षणवाली

ताई, मी पस्तीस वर्षं आमच्या पॅरिशमध्ये, म्हणजे गावच्या चर्चमध्ये, मुलांना पहिल्या कम्युनियनसाठी तयार केलंय. आधी बाबांना एक सांगा. गंभीर पाप मुद्दाम लपवलं तर ते कुमसार खरं होत नाही, हे आपल्याला लहानपणी घोकायला लावायचे आणि बाबांच्या डोक्यात तेच घोळत असणार. पण आता त्यांनी पापही सांगितलं आणि लपवल्याचंही सांगितलं ना? मग त्या सगळ्या वर्षांची गाठ सुटली. पुन्हा पुन्हा तेच सांगायला फादरांना बोलवू नका. ८४ व्या वर्षी माणसं तसं करतात.

भीतीबद्दल. पापक्षमेने पाप जातं, पापाने केलेली मोडतोड आपोआप दुरुस्त होत नाही. चर्चच्या शिकवणुकीत हे स्पष्ट आहे, चोरलेलं परत करायचं, कोणाची बदनामी केली असेल तर ती भरून काढायची. मुलांना मी सांगायचे, बॉल मारून शेजारच्यांची काच फोडलीत, त्यांनी माफ केलं, तरी त्यांच्या घरात वारा शिरतोयच की. बायबलमधला जकातदार जक्कय आठवा. येशू त्याच्या घरी आला आणि त्याने फसवलेल्यांना चौपट देतो म्हणून जाहीर केलं. बाबांना तर एकपटच द्यायचंय.

कृष्णाकाठ

मी हिंदू, सातारकडचा शेतकरी. धर्माचं मला विचारू नका, पण बांधाचं विचारा. आमच्या भावकीत बांध कोरण्यावरून दोन पिढ्या कोर्टात गेल्या.

एक गोष्ट कोणी बोललं नाही. तुमच्या बाबांनी खुंट्या सरकवल्या, कागद नाही सरकवला. सातबाऱ्यावर दोघांचं क्षेत्र होतं तेच असणार. म्हणजे खरेदीखत नको, बक्षीसपत्र नको, तुकडेबंदीची (लहान तुकडे पाडून जमीन विकायला बंदी) भानगड नको. भूमी अभिलेखकडे 'हद्द कायम' मोजणीचा अर्ज करा. लगतच्या खातेदारांना नोटीस जाते, भूकरमापक येतो, खुणा दाखवतो, 'क' प्रत, म्हणजे मोजणीचा नकाशा, मिळते. मग कुंपण त्या खुणांवर घ्यायचं. झालं. मात्र अर्ज खातेदाराचा लागतो, म्हणजे भावाची सही.

बारा वर्षांचं भाऊ म्हणतो ते कायद्यात आहे, १९६३ चा मुदतीचा कायदा. पण तो हक्क *सांगता* येतो, सांगायलाच पाहिजे असं कुठे लिहिलंय? शेजाऱ्याने दावा केला तर बचावाला उपयोगी. इथे दावा कुणी केलाय? तुमचा बापच तुमच्याविरुद्ध साक्षीदार आहे.

टोकदार

पाव गुंठ्यासाठी विश्वाचा निर्माता टेप घेऊन बसलाय! बाबांना चांगल्या डॉक्टरकडे न्या, वृद्धापकाळातलं नैराश्य असू शकतं. मनापासून सांगतोय.

वाडीतली_लेक

@टोकदार, डॉक्टर झाले. रात्री झोपेची अर्धी गोळी चालू आहे. गोळीने झोप येते, बांध हलत नाही. आणि टेप देवाने नाही, मी घेतली होती.

@कृष्णाकाठ, साक्षीदाराचं वाक्य भावाला जसंच्या तसं पाठवलं. निळी खूण आली, उत्तर नाही.

अर्धा_फादर

चार वर्षं सेमिनरीत, म्हणजे फादर होण्याच्या शिक्षणाला, होतो, मग बाहेर पडलो. आता इन्शुरन्स विकतो, म्हणजे लोकांना मरणाची तयारी करायला लावणं सुटलं नाहीच.

ताई, तुमच्या बाबांची भीती मला धर्माच्या दृष्टीने अगदी नेमकी वाटते. आपण दोन न्याय मानतो. माणूस मेला की लगेच त्याचा स्वतःचा न्याय होतो. मग जगाच्या अंती सगळ्यांचा, सगळ्यांसमक्ष. सेमिनरीत मी भोळेपणाने विचारलं होतं, एकदा निकाल लागला तर दुसऱ्यांदा कशाला? अपील आहे का? सरांनी संत थॉमस अक्वायनस या धर्मपंडिताचं पुस्तक काढून दिलं. तो तेराव्या शतकात बसून म्हणतो, माणूस मरतो पण त्याचं आयुष्य तिथे पुरं संपत नाही. लोकांच्या आठवणीत, मुलांमध्ये आणि केलेल्या कृत्यांच्या परिणामांत ते पुढे चालू राहतं. ते सगळं थांबेपर्यंत पूर्ण हिशोब मांडता येत नाही, म्हणून शेवटचा न्याय शेवटी.

तेव्हा हे मला शब्दांचे खेळ वाटले होते. तुमच्या पांगाऱ्याचं वाचलं आणि कळलं. खुंटी ठोकणारा हात आता चमचा धरताना थरथरत असेल, पण झाड वाढतंय, दर वर्षी शेजाऱ्याच्या जमिनीत थोडं आणखी मूळ घालतंय. बाबा गेले तरी घालत राहील.

आणि काका समोर उभे असण्याबद्दल. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २००७ मध्ये आशेवर एक विश्वपत्र (सगळ्या चर्चला उद्देशून पत्र) लिहिलं, त्यात ते म्हणतात की दयेने अन्याय पुसला जात नाही. छळणारा आणि छळलेला जणू काही घडलंच नाही असे एका पंगतीला बसणार नाहीत. म्हणून न्याय ही धास्ती असली तरी आधी आशा आहे. कोणाची? मावशींची आणि त्या तीन पोरांची आधी. बाबांचीही, पण बांधाच्या पलीकडून.

"तो नव्हता म्हणून केलं" यावरून संत ऑगस्टीन आठवला. सोळाव्या वर्षी मित्रांबरोबर शेजारचे पेअर चोरले आणि डुकरांना टाकले, भूक नव्हती, घरी याहून चांगले होते. चाळिशी उलटल्यावरही ती चोरी त्याला सलत होती, याचं कारण हेच की कारणच सापडत नव्हतं. बायबलमध्ये शेताची खूण सरकवणाऱ्याला शाप आहे ('अनुवाद' नावाचं पुस्तक, २७:१७), आणि नीतिसूत्रांत तर अनाथांच्या शेतात शिरू नको म्हणून बजावलंय. बाबांना वाचून दाखवू नका, त्यांना पाठ असेल.

भावाचं उत्तर सोपं आहे. बाबांना जेवढं शक्य तेवढंच त्यांच्यावर. जमीन त्यांच्या हातात नाही, पण तोंड आहे. मूळ माणूस हयात नसेल तर वारसाला द्यायचं, हे त्याच अक्वायनसने लिहून ठेवलंय. काकांचा मुलगा तिथेच राहतो ना? त्याला बोलवा. सही नंतर.

वाडीतली_लेक

उशिरा लिहितेय, माफ करा.

पाम संडेच्या (ईस्टरआधीचा रविवार) आदल्या दिवशी शेजारच्या दादाला बोलावलं. आता पंचावन्नचा आहे. बाबांना प्लास्टिकच्या खुर्चीसकट उचलून आम्ही मागच्या दारापर्यंत नेलं. बाबांनी बोट दाखवून सांगितलं, कुठून कुठे. मी गळा काढेन असं वाटलं होतं, पण बाबा हे असं सांगत होते जसं पाटाचं पाणी कुठून वळवायचं ते सांगतात. दादा ऐकत उभा. मग बांधावर गेला, एका पांगाऱ्याच्या बुंध्यावर हात ठेवून बराच वेळ थांबला, आणि "बघतो, काका" म्हणून निघून गेला.

त्याला अठरा दिवस झाले. ईस्टर झाला. चर्चमध्ये मान हलवतो, घरी आलेला नाही. बाबा रोज संध्याकाळी विचारतात, "आला होता का?" मी नाही म्हणते. पहिल्या आठवड्यात वाईट वाटायचं त्यांना. आता म्हणतात, "मी सत्तेचाळीस वर्षं घेतली, त्याला घेऊ दे."

भावाने सही केली. का, ते विचारू नका. फोनवर एवढंच म्हणाला, अर्जाची फी मी भरतो, आणि हे वहिनीला सांगू नकोस, म्हणजे त्याच्या बायकोला. मी कुमसाराला जाऊन आले. अकरा वर्षांचं गाठोडं, फादर बिचारे शांतपणे ऐकत होते. प्रायश्चित्त म्हणून तीन 'नमो मारिया' प्रार्थना दिल्या. मला जरा कमीच वाटल्या.

मोजणीची तारीख मिळाली आहे, पुढच्या महिन्यातला मंगळवार. नोटीस दादालाही गेली असणार. बाबांनी त्या दिवसासाठी पांढरा लेंगा-सदरा इस्त्री करून ठेवायला सांगितलाय. मी म्हटलं, मोजणीला चाललात की मिस्साला? त्यावर उत्तर न देता म्हणाले, बांधावर दोन खुर्च्या मांड.