'सरळ चालून दाखवा' म्हणाले का तुम्हाला कधी?

मृण्मयी_क: लेक ड्रायव्हिंग टेस्टचा अभ्यास करतेय. तिच्या पुस्तकात 'इम्प्लाइड कन्सेंट'चं (गाडी चालवता म्हणजे दारूच्या टेस्टला संमती धरलेलीच) पान दिसलं आणि जुनं सगळं वर आलं. अमेरिकेत नवीन होतो तेव्हा. रिसेप्शनहून रात्री परत येताना मागे लाल-निळे दिवे. नवऱ्याने थेंबही घेतला नव्हता. पिऊन चालवतोय का बघायला पोलिसांनी आधी डोळ्यांसमोर पेन फिरवलं, मग रेषेवर टाचेला पायाचं बोट लावत नऊ पावलं, वळा, परत नऊ. मग एक पाय उचलून मोठ्याने मोजा. याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं! हात पसरले की एक खूण, पाय टेकला की दुसरी, दोन झाल्या की संशय पक्का. श्वासाच्या मशीनमध्ये शून्य आलं म्हणून सुटलो. तुमचंही लिहा.

टवाळ_पोऱ्या: ओट्यापाशी उभं राहून आत्ताच करून बघितलं. पोळी करपली. न पिता नापास.

सुधाकर६८: 65 च्या पुढचे, पाठदुखीवाले, पायाचा किंवा कानातल्या तोलाचा त्रास असलेले, यांना एका पायावर जमेलच असं नाही. पोलिसांच्या ट्रेनिंगच्या पुस्तकातच लिहिलंय हे! मला मधुमेह. साखर उतरली की जीभ जड होते, चाल अडखळते. बघणाऱ्याला मी टुन्नच वाटणार. गाडीत कार्ड ठेवतो आता.

निशा.र: काका, ग्लुकोजच्या गोळ्यापण ठेवा हो.

वकीलीण: गल्लत होतेय. रस्त्यावरची कसरत बहुतेक राज्यांत ऐच्छिक असते. शांतपणे नाही म्हणता येतं, तरी अटक होऊ शकते. अटकेनंतरची श्वासाची टेस्ट मात्र वेगळी, ती नाकारली की लायसन्सवर गदा. रक्तासाठी, तुमची संमती नसेल तर, साधारणपणे वॉरंट लागतं (अमेरिकन सुप्रीम कोर्टातला बर्चफिल्ड खटला, 2016). रस्त्यावर फुंकायला लावतात त्या हातातल्या छोट्या यंत्राचा आकडा बऱ्याच राज्यांत खटल्यात चालत नाही. वाद घालू नका, उतरल्यावर खिशात हात घालू नका.

अमोल_जी: आणि रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा सगळीकडे 0.08 टक्के नाही. युटा राज्यात 0.05.

निशा.र: माउथवॉशने पण येतं ना?

वकीलीण: तोंडात उरलेल्या अल्कोहोलने आकडा फुगतो. म्हणून ठाण्यावरच्या मशीनआधी साधारण पंधरा मिनिटं नजरेखाली बसवतात.

शाल्मली: सगळं पटतं, पण माझ्या भावाला अशाच एका पिऊन चालवणाऱ्याने उडवलंय. पाच शहाण्यांना उगाच चालायला लावलं तरी चालेल मला. सॉरी.

मृण्मयी_क: सॉरी कशाला गं. भाऊ कसा आहे आता?

शाल्मली: चालतो, काठीने. गंमत बघ, तोही नापासच होईल या टेस्टमध्ये.

टवाळ_पोऱ्या: 🙏

आजी_ऑनलाइन: मृण्मयी, गुडघा पूर्ण बदलला का? माझी तारीख मिळालीय. जिना कधी चढायला लागले जावईबापू?

मृण्मयी_क: पूर्ण नाही हो, लिगामेंटचं होतं. तुमच्यासारखं सासूबाईंचं झालंय, त्यांना विचारून रात्री लिहिते. कुकर झाला वाटतं, पळते.