मदत हवी आहे: समुपदेशक बाईंच्या कागदावर सही करू का? (तातडीचं)

तासगावकर
पोरगं आठवीत आहे, सांगलीला. शाळेतून संमतीपत्र आलंय. समुपदेशक बाई त्याच्याशी बोलणार, पालकांची सही हवी म्हणे. सोमवारी द्यायचंय. आमच्या घरात असलं काही नाही. आई म्हणते, पोराला वेडं ठरवायला निघालेत. सही केली तर दाखल्यावर शेरा येतो का? हो की नाही एवढंच सांगा.

मिरजकर_ताई
नाही. दाखल्यावर प्रगती आणि वर्तणुकीचे रकाने असतात, त्यात समुपदेशनाचा संबंध येत नाही. मी शाळेतच हे काम करते. पण बोलावलंय कशासाठी ते लिहिलंच नाहीत.

कुपवाडचा_पाहुणा
मोबाईल काढून घ्या. भाच्याचा काढला, पंधरवड्यात पोरगं सुतासारखं सरळ.

तासगावकर
मोबाईल नाहीच त्याच्याकडे.

विश्रामबाग_पालक
आठवीत कल चाचणी करून घ्याच. आमच्या मुलीची केली, कॉमर्स आलं. नंतर धावपळ होत नाही.

निवृत्त_मास्तर
आमच्या वेळी वर्गशिक्षकच सगळं बघायचे. पोराचं तोंड बघून कळायचं जेवलाय की नाही. आता प्रत्येक गोष्टीला बाई वेगळी.

मिरजकर_ताई
मास्तर, वर्गात साठ पोरं आणि वर निवडणुकीची कामं, कुणाकुणाचं तोंड बघायचं? शिवाय मार्क देणाऱ्या माणसाला पोरगं मनातलं सांगत नाही.

कृष्णाकाठ
तुमच्याकडे समुपदेशक आहे हेच नशीब. सुप्रीम कोर्टाने जुलै २०२५ मध्ये सांगितलंय, शंभर किंवा जास्त विद्यार्थी असतील तिथे किमान एक प्रशिक्षित समुपदेशक हवा. आमच्या शाळेत अजून खुर्ची रिकामीच.

तासगावकर
विषय भरकटवू नका राव. कारण असं की सकाळी पोट दुखतं म्हणतो, शाळा बुडते. मिरजेत सोनोग्राफी केली, नॉर्मल. रविवारी काही दुखत नाही, म्हणजे नाटकच की.

मिरजकर_ताई
नाटक नाही हो. या वयात मनावरचा ताण पोटातच बसतो, दुखणं खरं असतं. पहिल्यापासून याच शाळेत आहे का?

तासगावकर
नाही. सातवीपर्यंत गावातली जिल्हा परिषदेची शाळा. जूनपासून एसटीने सांगली, सेमी इंग्रजी. त्याचा काय संबंध?

कृष्णाकाठ
अहो, हेच आधी लिहायचं!

मिरजकर_ताई
गावात सगळे ओळखीचे, इथे एकदम चाळीस-पन्नास अनोळखी तोंडं, गणित-विज्ञान इंग्रजीतून. मी पहिल्या भेटीत अभ्यासाचं नावच काढत नाही. डबा कुणाबरोबर खातोस, एसटीत कुठे बसतोस, शाळेतल्या संडासात जातोस का, हे विचारते. खूप पोरं दिवसभर दाबून धरतात, कारण दाराला कडी नसते किंवा मोठी पोरं बाहेर उभी असतात. मग वर्गशिक्षकांशी बोलून बाक बदलायला सांगते, सोबत एखादा जोडीदार देते. औषध आम्ही देत नाही. जास्त वाटलं तर सिव्हिलला मानसोपचार विभागात पाठवतो. आणि तो काय बोलला ते सगळं तुम्हाला सांगणार नाही. जिवाला धोका किंवा लैंगिक छळ असेल तर मात्र गप्प बसता येत नाही. लैंगिक छळ तर पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून वाचवणाऱ्या कायद्याने, कळवावाच लागतो.

निवृत्त_मास्तर
बापापासून लपवायचं? हे पटत नाही.

मिरजकर_ताई
बापाला सांगायचं असतं तर पोट दुखलं नसतं, मास्तर. तासगावकर, तोवर घरातून कुणाला बोलायचं असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ आहे. फुकट, मराठीत, रात्रीही.

तासगावकर
सही करतो. आईला आरोग्य तपासणी आहे म्हणून सांगतो. एक राहिलं, बुधवारी जास्तच दुखतं. बुधवारी पीटीचा तास असतो.

मिरजकर_ताई
हे संमतीपत्राच्या मागे लिहूनच द्या. आणि पीटीला कपडे कुठे बदलतात, तेवढं शाळेत जाऊन बघून या.

विश्रामबाग_पालक
पीटीवरून आठवलं, पांढरे बूट मारुती रोडला स्वस्त कुठे मिळतील?