शब्दचर्चा : ‘ट्रान्सग्रेसिव्ह’ भयपटाला मराठीत काय म्हणावं? (‘तळटीप’, ‘जुनी पोथी’ वगैरे ही सहभागींची टोपणनावं.)

तळटीप : एका लेखाचा अनुवाद चालू आहे. विषय : अंडरग्राउंड (मुख्य धारेबाहेरचा), सर्रिअल (स्वप्नासारखा, तर्कापलीकडचा), ट्रान्सग्रेसिव्ह हॉरर सिनेमा आणि प्रेक्षक त्याने का हादरतात. मी ‘मर्यादाभंग करणारा’ लिहिलं होतं. संपादकांनी ते खोडून ‘विद्रोही’ सुचवलं, जे मला पटत नाही. शिवाय ‘भयपट’ही अपुरा वाटतो, कारण या सिनेमांत भीती कमी आणि शिसारी जास्त. काय वापरावं?

जुनी पोथी : ‘विद्रोही’ नकोच. त्या शब्दामागे एका साहित्यचळवळीचा इतिहास उभा आहे, तो भलत्याला देऊ नये. ‘मर्यादाभंजक’ घ्या. ‘भंग’ म्हटलं की विनयभंग, शांतताभंग, हक्कभंग अशी कलमं आठवतात. ‘भंजक’ म्हटलं की मूर्तिभंजक, आणि त्याला समीक्षेत मान आहे. ‘भयपट’ऐवजी सरळ ‘बीभत्सपट’ म्हणा. नाट्यशास्त्रात भयानक रसाचा स्थायीभाव (मुळाशी असलेली भावना) भय, बीभत्साचा जुगुप्सा, म्हणजे किळस. बीभत्सातही भेद केलेत : रक्त वगैरे पाहून होतो तो क्षोभज, विष्ठा-कृमींनी होतो तो उद्वेगी. एवढी बारीक परिभाषा घरात असताना ‘हॉरर’ कशाला?

उंबरठा : ‘सीमोल्लंघनी सिनेमा’ कसा वाटतो?

जुनी पोथी : सीमोल्लंघन शुभ आहे, पराक्रमाचं आहे. इथे उलटा अर्थ लागेल.

रीळकाप : मुळात मोडते ती मर्यादा कोणती, हे आधी ठरवा. बुन्युएल-दालींचा १९२९ चा ‘अँ श्यँ आंदालू’ हा सिनेमा घ्या. वस्तरा परजला जातो, बाईचा डोळा बोटांनी उघडा धरला जातो, मग चंद्रावरून ढगाची पातळ चिरी सरकते. इथे प्रेक्षक सुटकेचा श्वास टाकतो. ढगाने काम भागवलं, आता दाखवणार नाहीत, असं त्याला सिनेमाच्या सवयीने कळतं. आणि पुढच्याच तुकड्यात डोळा चिरला जातो (डोळा मेलेल्या जनावराचा). ढग काढून टाका, दृश्य किळसवाणं उरेल पण हादरा निम्मा होईल. ‘कापून दुसरीकडे जाऊ’ हा अलिखित करार मोडला, म्हणून बसतो तो धक्का. समीक्षेत अशा कराराला आपण ‘संकेत’ म्हणतो. माझ्या मते शब्द ‘संकेतभंजक’ हवा.

आवाजाचंही तसंच. नेहमीच्या भयपटात शांतता, मग दणका, मग उसंत. दिग्दर्शक डेव्हिड लिंचच्या १९७७ च्या ‘इरेझरहेड’मध्ये यंत्रांची घरघर आणि वाफेचा सुसकारा जवळजवळ थांबतच नाही. दणक्याची वाट पाहत ताणलेलं अंग सैल करायची जागाच मिळत नाही.

ओघळ : चित्राच्या पोतातही हेच. दिग्दर्शक मेरहिगेच्या ‘बिगॉटन’मध्ये प्रत्येक चौकट ऑप्टिकल प्रिंटरवर पुन्हा चित्रित करून मधल्या करड्या छटा उडवल्या आहेत. उरतं फक्त काळं आणि पांढरं. समोरचा ओला ढीग आतडी आहे की चिखल, हे डोळ्याला ठरवता येत नाही आणि मन वाईटात वाईट ते भरतं. छटा जरा जास्त उडाल्या तर मात्र काहीच ओळखू येत नाही आणि प्रेक्षक कंटाळतो. नकली रक्ताचं उलट असतं. मक्याच्या पाकात नुसता लाल-पिवळा रंग घातला तर ते सरबतासारखं आरपार दिसतं. चिमूटभर झिंक ऑक्साइडने ते गढूळ होतं, तेव्हा रक्त वाटतं. कृष्णधवल चित्रीकरणात लालऐवजी चॉकलेटचा पाक चालतो, तो पडद्यावर दाट काळा उमटतो. म्हणून ‘क्षोभज’ हा शब्द मला आवडला. पण ‘बिगॉटन’ त्यात बसत नाही, तिथे रक्त ओळखूच येत नाही.

उंबरठा : रीळकाप, ‘संकेतभंजक’ फार सोवळा आहे. देओदातोच्या १९८० च्या ‘कॅनिबल होलोकॉस्ट’मध्ये माणसांचे मृत्यू खोटे होते; नट जिवंत आहेत हे दिग्दर्शकाला इटलीत न्यायालयापुढे सिद्ध करावं लागलं. ते झालं संकेत मोडणं. पण त्यात कासव खरोखर मारलंय. तो संकेत नव्हे, जीव आहे. दोन्हींना एकच शब्द लावला की कासवाचा मृत्यू शैलीचा भाग होऊन बसतो. मला ‘मर्यादा’ त्यासाठीच हवी.

रीळकाप : त्याला क्रौर्य म्हणा. तो शब्द मराठीत आहे आणि पुरेसा आहे. सिनेमाच्या प्रकाराचं नाव त्यावरून ठेवू नका.

उंबरठा : नाव ठेवायचं नसेल तर लेखात ते झाकलं जाईल. हादरलेल्या प्रेक्षकांतले कितीतरी त्या कासवामुळेच हादरलेत.

तळटीप : आणि ‘अंडरग्राउंड’? ‘भूमिगत’ लिहिलं की बेचाळीसचे कार्यकर्ते डोळ्यांपुढे येतात.

ओघळ : अंडरग्राउंडच ठेवा. वाचकाला कळतं.

जुनी पोथी : कळतं म्हणून ठेवायचं तर मराठीत क्रियापदंच उरतील. ‘सर्रिअल’ला तरी ‘अतिवास्तव’ लिहा, रुळलेला शब्द आहे.

ओघळ : रुळलाय, पण नवा वाचक ‘अति’चा अर्थ ‘फार’ असा घेतो. अतिवास्तव म्हणजे फार वास्तव, म्हणजे रक्त अगदी खरं दिसणारं. नेमका उलटा अर्थ! फ्रेंच कवी अपोलिनेरने १९१७ मध्ये मूळ फ्रेंच शब्द वापरला तेव्हा ‘वास्तवाच्या वरचं’ असं त्याला म्हणायचं होतं.

जुनी पोथी : ‘अति’चा मूळ अर्थ पलीकडचाच. अतींद्रिय म्हणजे फार इंद्रिय नव्हे. वाचकाला अर्थ शिकवायचा की शब्द टाकून द्यायचा?

उंबरठा : मग ‘अतिरेक’ आणि ‘अतिशय’चं काय करणार? बोलताना शंभरातले नव्वद ‘अति’ फारच्याच अर्थाचे. ‘परावास्तव’ बरा.

जुनी पोथी : परा आणि पर यांत गफलत करू नका. परामर्श, पराजय, पराभव बघा, पलीकडचा अर्थ कुठे दिसतो?

उंबरठा : परामानसशास्त्रात दिसतो.