सांधण दरी दसऱ्यानंतर लगेच करावी का?

परतवाडेकर: भाऊ, सोयाबीन निघालं की कपाशीच्या वेचणीआधी चार दिवस रिकामे आहेत. चौघं साम्रदला (दरीच्या तोंडाशी असलेलं गाव) जाऊ म्हणतो. चिखलदऱ्याकडं दोरावर उतरलो आहे, पण पाण्याच्या घळीत कधी गेलो नाही. थंडी लय लागते काय?

मेळघाटी: हवेची नाही, पाण्याची लागते. त्या भेगेत ऊन पोचतच नाही, डोह भर दुपारीही गार. पाणी हवेपेक्षा सुमारे 25 पट वेगानं अंगातली ऊब ओढतं. मी एकदा जीन्स घालून गेलो होतो (येडाच!). कमरेएवढ्या डोहातून निघालो अन् पुढच्या उतारावर बोटं इतकी बधिर की कॅराबिनरचा (दोर अडकवायच्या कडीचा) स्क्रू फिरेना. शेवटी जोडीदारानं लावून दिला. सुती काही नको. निओप्रीनचा (ऊब धरणाऱ्या रबराचा) सूट मिळाला तर पाहा, कोरडे कपडे ड्राय बॅगेत (पाणी न शिरणाऱ्या पिशवीत).

अकोटचा गडी: उतरून दोर खाली ओढून घेतला की परतीची वाट बंद. कोणी कुडकुडत असेल तर पहिल्या उताराआधीच मागं फिरा. माथ्यावर ढग दिसले तर आत शिरूच नका, परतीचा पाऊस असतो तेव्हा.

परतवाडेकर: मग कापूस वेचूनच जातो. जीन्स तर बॅगेत भरूनही झाली होती!