नाशिकला पहिल्यांदा कसे पोचलात, कसे फिरलात? अनुभव लिहा

गोदाकाठ:
काल भाच्याला गाडीत बसवून नाशिकरोड स्टेशनच्या बाहेर आले, तर रिक्षांच्या घोळक्यात एक आजी-आजोबा उभे. परभणीकडचे. दोन पिशव्या, आजींच्या काखेत पितळी कळशी. जायचं त्र्यंबकला. आजोबांची समजूत अशी की स्टेशनबाहेर पडलं की नाशिक आणि समोर दिसेल तो डोंगर त्र्यंबकचा. एक रिक्षावाला थेट त्र्यंबकचं भाडं सांगत होता, दुसरा म्हणे शहरातल्या द्वारका चौकापर्यंत सोडतो. शहर स्टेशनपासून आठ-दहा किलोमीटर आत आहे आणि त्र्यंबक तिथून पुढे तीसेक, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. सिटीलिंकच्या शहर बसमध्ये बसवून दिलं, कंडक्टरला सांगितलं यांना सीबीएसला, म्हणजे शहरातल्या मुख्य एसटी स्टँडला उतरवा, मेळा स्टँडची वाट दाखवा.

तेव्हापासून माझं पहिलं येणं डोक्यातून जात नाहीये. नुकतं लग्न झालेलं, चाळीसगावहून पॅसेंजरने आलो. गाडी इतकी रखडली की उतरलो तेव्हा रात्रीचे अकरा वाजून गेले होते. रिक्षात आम्ही दोघं आणि मांडीवर रुखवताची पेटी. हे एकेक नाव सांगत होते, हा बिटको, हे दत्तमंदिर, हे उपनगर, आता गांधीनगर, आता द्वारका आली बघ. अंधारात दिसलं काहीच नाही, पण नावं पाठ झाली. पुढे एकटीने नाशिकरोडला जायची वेळ आली तेव्हा ती नावंच कामाला आली.

२०२७ चा सिंहस्थ जवळ आलाय. देशभरातून माणसं येतील. नवख्या माणसाला हे शहर धार्जिणं होतं की नाही ते पहिल्या तासाभरात ठरतं, असं माझं ठाम मत आहे. म्हणून विचारते, तुम्ही कसे आलात, कुठे अडलात, कोण मदतीला आलं? सगळं लिहा. पुढच्याला उपयोग होईल.

लोकलवाला_ठाणे:
कसारा लोकल. बाकी कशाचं नाव काढू नका. गाड्यांची तिकिटं मिळत नाहीत ऐनवेळी. ठाण्याहून लोकल पकडायची, शेवटपर्यंत बसून राहायचं. कसाऱ्याला बाहेर आलं की शेअर गाड्या लागलेल्या असतात, नाशिक नाशिक ओरडत. सीट भरल्या की निघते, घाट चढून तासा-दीड तासात नाशकातला मुंबई नाका. आई नाशकात एकटी होती तेव्हा दर शनिवारी हेच. पावसाळ्यात घाटात धुकं असलं की ड्रायव्हरशेजारी बसायचो, त्याच्याशी बोलत राहायचो, डोळा लागू नये म्हणून. बरं वाटायचं त्यालाही.

मनमाडची_सून:
लोकलवाले दादा अगदी खरं. आता आई कशा आहेत?

लोकलवाला_ठाणे:
आता ठाण्यातच असते माझ्याकडे ताई. पण नाशिकची थंडी आठवते तिला.

रुळावरून:
घाटाचा विषय निघालाय तर थांबवत नाही. कसाऱ्याला गाडी उभी राहिली की लोक वडे घ्यायला धावतात, आमचे वडील मला शेवटच्या डब्याकडे न्यायचे. मागून इंजिनं लागायची ती बघायला. थळ म्हणजे कसारा घाटाचा चढ १:३७ चा, म्हणजे सदतीस फूट पुढे गेलं की गाडी एक फूट वर चढते. पुढचं इंजिन एकटं ओढू शकत नाही, म्हणून मागून बँकर, म्हणजे मदतीची इंजिनं लावून ढकलतात, इगतपुरीला काढून घेतात. १८६५ साली सुरू झालेला मार्ग आहे हा. बँकर जोडला की सगळ्या डब्यांतून एक धक्का जातो. वडील लगेच म्हणायचे, "चला, मागून हात लागला." डब्यातल्या अनोळखी माणसांनाही समजावून सांगायचे. रेल्वेशी त्यांचा काही संबंध नव्हता, शिक्षक होते.

मुंबईहून पहिल्यांदा येणाऱ्याने दिवसाच यावं आणि पावसाळ्यात यावं. समृद्धी महामार्गाच्या बोगद्यातून आता आठ किलोमीटर भुर्रकन पार होतात, २०२५ च्या जूनमध्ये तो शेवटचा टप्पा सुरू झाल्यापासून माझे भाऊ तिकडूनच येतात. वेळ वाचतो, मान्य. घाट मात्र दिसत नाही.

पासधारक:
पंचवटी एक्सप्रेसचं कोणी लिहिलं नाही अजून?? १ नोव्हेंबर १९७५ पासून चालू आहे. आमचा ग्रुप, ठरलेल्या जागा, ठरलेले डबे. दसऱ्याला गाडीची पूजा. एक नवीन मुलगी पहिल्या नोकरीला निघाली होती, घाबरलेली, इगतपुरी यायच्या आत तिला दादरला कुठल्या बाजूने उतरायचं, कुठला पूल, सगळं सांगून झालं. परतीला तिच्यासाठी जागा धरलेली होती. पाहुण्यांनी एवढंच करा, पासधारकांच्या डब्यात चढू नका, जनरल आणि रिझर्वेशनचे डबे वेगळे असतात ते बघून चढा.
सविस्तर रात्री लिहितो, स्टेशन आलं.

आळेफाटा:
पुण्याकडून येणाऱ्यांचं दुःख वेगळं. थेट रेल्वेमार्ग नाही. राजगुरुनगर, नारायणगाव, आळेफाटा, चंदनापुरी घाट, संगमनेर, सिन्नर, सव्वादोनशे किलोमीटरच्या आतबाहेर, किती वेळ लागेल ते रस्ता सांगेल. एकदा एका खासगी बसने पहाटे साडेतीनला द्वारकेच्या उड्डाणपुलापाशी उतरवलं. तिकिटावर सीबीएस लिहिलेलं. म्हणे बस आत जात नाही, पुढे धुळ्याला जायचंय. बायको, लहान मुलगी, जानेवारीची थंडी. एक रिक्षावाले काका शेकोटीपाशी होते. मुलीला आधी शेकायला बसवलं, मग म्हणाले, "आत्ता पंचवटीत कुणाचं दार वाजवता, उजाडू द्या." साडेपाचला स्वतः नेऊन सोडलं. पैसे नेहमीचेच घेतले, जास्तीचे देत होतो तर हात जोडले. एसटी बरी, ठक्कर बाजारला आत आणून सोडते, उजेड असतो, बाकडी असतात.

मनमाडची_सून:
बाप रे. पहाटे द्वारका म्हणजे नुसते ट्रक. काकांना नमस्कार.

सातपूरचा:
दिवसा पण ट्रकच असतात ताई 😄 तीन वेळा सिग्नल सुटतो तेव्हा आपण निघतो

चहाबाज:
डिसेंबरात येतोय, स्वेटर लागेल का?

सातपूरचा:
लागेल भाऊ. आपल्या निफाडचा पारा महाराष्ट्रात सगळ्यात खाली असतो बऱ्याचदा. कानटोपी पण घ्या.

चहाबाज:
आणि मिसळ? आधी रामकुंड की आधी मिसळ?

सातपूरचा:
आधी रामकुंड, मग मिसळ, सोबत पापड, दही. जाताना घरच्यांना कोंडाजीचा चिवडा. उलट केलं तर दर्शनाला जायची इच्छा उरत नाही, झोप येते

बोरीची_लेक:
मी लहानच लिहिणार होते, लांबलं तर माफ करा.

बाबांच्या अस्थी घेऊन आलो होतो, २०१९ चा ऑगस्ट. त्या वेळचा पूर आठवतोय ना सगळ्यांना? होळकर पुलावर माणसं उभी होती पाणी बघायला. खाली नदीपात्रातला दुतोंड्या मारुती बुडत चाललेला. रामकुंड कुठे आणि गंगा, म्हणजे गोदावरी कुठे, काही कळत नव्हतं. आम्ही यवतमाळची माणसं, नाशकात ओळखीचं कुणी नाही, भावाच्या हातात तो कलश. त्याने पुलावरच विचारायला सुरुवात केली, आता कुठे जायचं.

फुलं विकणाऱ्या एका मावशींनी तीर्थपुरोहितांचं घर दाखवलं, पंचवटीत चढावर. गुरुजींनी आधी बसवलं, पाणी दिलं, गाव विचारलं, आडनाव विचारलं. मग आतून लाल कापडात बांधलेल्या वह्या आणल्या. उभ्या, लांबट. धूळ झटकली, पानं उलटत गेले, आणि एका पानावर बोट ठेवलं. आमच्या पणजोबांचं नाव. पुढे कोण कोण सोबत आलं होतं त्यांची नावं, कशासाठी आले ते. अर्धं मोडीत होतं, गुरुजींनी वाचून दाखवलं. पणजीचं नाव मला तोवर माहीत नव्हतं. घरात कुणालाच नव्हतं. यमुना. त्याखाली गुरुजींनी बाबांचं नाव लिहिलं, मग आम्हा भावंडांची नावं आम्हाला आमच्या हाताने लिहायला लावली.

विधी दुसऱ्या दिवशी झाला, पाणी थोडं उतरल्यावर, वरच्या अंगाला. रात्री त्यांच्याच ओसरीवर झोपलो. बाहेरून नाशिकला येणाऱ्यांनी आपल्या मूळ गावाचं नाव, आजोबा-पणजोबांची नावं लिहून आणावीत. तिथे त्याच्यावरच सगळं सापडतं.

गोदाकाठ:
ताई, वाचून पोळी तव्यावर तशीच राहिली. यमुनाबाई. किती छान झालं हे.

रुळावरून:
माझ्याही पणजोबांचं बघायला हवं. कुठे विचारायचं असतं?

बोरीची_लेक:
गावावरून विचारा. कुठलं गाव कुठल्या गुरुजींकडे ते रामकुंडावर कुणीही सांगतं.

वऱ्हाडी_पाऊल:
आमचं यायचं कारण वेगळं होतं. आजोबांना काळारामाचं मंदिर बघायचं होतं, आत जाऊन. २ मार्च १९३० ला बाबासाहेबांनी सत्याग्रह सुरू केला, दादासाहेब गायकवाड पुढे, पाच वर्षं चालला तो. आजोबांचे वडील अकोल्याहून त्यात आले होते असं घरात सांगतात. दारातून आत गेल्यावर आजोबा दगडी खांबाला हात लावून उभे राहिले. आम्ही कुणी बोललो नाही. मग म्हणाले, चला आता लेणी बघू.

पांडवलेणी म्हणजे त्रिरश्मी. मुंबई-आग्रा रस्त्यावर, शहरापासून जवळ, पायथ्याला फाळके स्मारक आणि बुद्धविहार. चढ छातीवर येतो. चोवीस लेणी आहेत, तिसऱ्या लेण्यात सातवाहन राजमाता गौतमी बलश्रीचा शिलालेख. आजोबांना सकाळी लवकर चढवलं, उन्हाच्या आत, प्रत्येक वळणावर बसवत. विदर्भातून येणाऱ्यांना एक सांगतो, येवल्याला मुक्तिभूमीवर, जिथे बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली तिथे जायचं असेल तर आधी मनमाडला उतरा. नाशिकरोडपर्यंत येऊन परत उलटं जाण्यात एक अख्खा दिवस जातो. मनमाड, येवला, मग नाशिक, हा क्रम सोयीचा. १३ ऑक्टोबरला, त्या घोषणेच्या दिवशी तर आधीच बुकिंग करा, गर्दी फार.

पासधारक:
हे मला माहीत नव्हतं, इतकी वर्षं मनमाडवरून जातोय. धन्यवाद भाऊ.

गुडघेदुखी:
सप्तशृंगीला सासूबाईंना घेऊन गेले होते. त्यांची पाचशे पायऱ्यांची ताकद नाही, माझीही नाही आता. ट्रॉली झाल्यापासून फार सोय झाली, काही मिनिटांत वर. नवरात्रात आणि चैत्रात खासगी गाड्या नांदुरीला अडवतात, तिथून एसटीनेच गडावर. गाडी आहे म्हणून निवांत निघालात तर नांदुरीला रांग लागते. त्यापेक्षा नाशिकहूनच एसटी करावी. महिलांना अर्ध तिकीट, पंचाहत्तरीच्या पुढे तिकीटच नाही. सासूबाई कंडक्टरला आधार कार्ड इतक्या अभिमानाने दाखवतात!

कुकरच्या शिट्ट्या झाल्या, पुढचं नंतर.

प्रदक्षिणावाला:
तिसरा श्रावणी सोमवार. त्र्यंबकच्या ब्रह्मगिरीची प्रदक्षिणा. रविवारी संध्याकाळीच मेळा स्टँडला पोचायचं, एसटीच्या जादा गाड्या असतात, एक भरली की दुसरी लागते. त्र्यंबकला कुशावर्त कुंडावर स्नान करून रात्रीच निघायचं. लहान फेरी वीस किलोमीटरच्या आसपास. चिखल, वरून पाऊस, बॅटरीचे उजेड डोंगराच्या कडेने सरकत असतात, आणि "बम बम भोले" ऐकू येत राहतं पुढून आणि मागून. वाटेतल्या वाड्यांवरची माणसं काळा चहा घेऊन उभी असतात. एका आजींनी माझी तुटलेली चप्पल बघून घरातली सुतळी आणून पायाला बांधून दिली, गाठ स्वतः मारली, नीट पक्की. तिच्यावर त्र्यंबकपर्यंत आलो. त्यांच्या भाताची लावणी नुकतीच उरकली होती, घरभर ओला वास. यंदा किती पाऊस, आवणं कशी लागली, यावरच बोलत बसलो. मागचे सगळे पुढे निघून गेले.

सातपूरचा:
भाताचा विषय काढलात तर घोटीला चला, इंद्रायणीचा हंगाम

जुनं_नाशिक:
शहरातल्या शहरात फिरायचं तर चाला. रविवार कारंजावर उतरायचं, सराफ बाजारातून खाली दहीपूल, मग गंगेवर. तांब्याची भांडी घासणारे, पितळी घंटा लटकलेल्या, गुलकंदाचा वास. गल्ल्यांना उतार आहे, सगळ्या गंगेकडेच नेतात, चुकायचं म्हटलं तरी अवघड. चारचाकी आत घातलीत तर ना तुम्ही निघणार ना मागचे. नारोशंकराची घंटा बघा. पलीकडे काळाराम, सीतागुंफा, पुढे रिक्षाने तपोवन. गुडघे दुखत असतील तर परत चढताना निमाणी स्टँडकडून बस धरा, त्या बाजूला चढ कमी.

गुडघेदुखी:
जुनं नाशिक, हे माझ्यासाठीच लिहिलंत 🙏

पेठकर:
आम्ही येतो ते देवासाठी नाही, दवाखान्यासाठी. पेठ, सुरगाणा, हरसूल, सगळीकडची माणसं पेशंट घेऊन नाशकात येतात. सकाळची एसटी चुकली तर दिवस गेला. दवाखान्याचं नाव सांगून उपयोग नाही, रिक्षावाल्याला चौक सांगावा लागतो. सोबत आलेल्याला रात्री कुठे झोपायचं, जेवायचं कुठे, हा मोठा प्रश्न. सिंहस्थाची सोय होईल तेव्हा आमचीही व्हावी. एसटी स्टँडवर मोठ्या अक्षरात, सोप्या मराठीत, कुठली बस कुठल्या चौकातून जाते ते लिहावं. एवढं झालं तरी पुष्कळ.

गोदाकाठ:
पेठकर दादा, हे सगळ्यात महत्त्वाचं लिहिलंत. दवाखान्यांच्या भागात कमी पैशांत जेवण, मुक्काम कुठे होतो हे ज्यांना माहीत आहे त्यांनी खाली लिहा. मी उद्या माझ्या बाजूचं विचारून टाकते.

मनमाडची_सून:
मी पण विचारते. नणंद नर्स आहे.

चहाबाज:
मिसळ बाजूला ठेवतो, खरंच विचारतोय. शनिवारी कसारा लोकलने चौघं येतोय, सोबत आई, वय ७६. त्याच दिवशी गड होईल का?

गुडघेदुखी:
होणार नाही, आईंना दमवू नका. शनिवारी पंचवटीत मुक्काम करा, रविवारी सकाळी आठच्या आत सीबीएस गाठा, चौकशीच्या खिडकीवर गडाची पहिली गाडी विचारा. आईंचं आधार कार्ड हाताशी ठेवा, बॅगेच्या तळाशी नको.