जुनी खुर्ची भंगारात आणि तिच्यासारखी नवी दिवाणखान्यात, हे बरोबर आहे का?

वेतजाळी

गेल्या महिन्यात पुण्यातल्या एका दुकानात सोफा बघायला गेले होते. दारातच एक खुर्ची मांडलेली. सागवानी रंग, बैठकीला आणि पाठीला वेताची जाळी, बाजूने पाहिलं तर पाय उलट्या व्हीसारखे. चिठ्ठीवर ‘रेट्रो चंदीगड, सागवान’ आणि किंमत 28,000 रुपये.

मी वाकून बैठकीची खालची बाजू पाहिली. जाळी हाताने विणलेली असली तर चौकटीला ओळीने भोकं असतात आणि प्रत्येक भोकातून वेत ओवलेला दिसतो. इथे एकही भोक नव्हतं. तयार जाळीचा तुकडा कापून वरून खाचेत दाबला होता आणि त्यावर गोंदाने पट्टी बसवली होती. लाकूडही सागवान नव्हतं, रबरवूडला, म्हणजे रबराच्या झाडाच्या लाकडाला, रंग दिलेला. विचारलं तर विक्रेता म्हणाला, “मॅडम, लूक तोच आहे ना.”

त्याच आठवड्यात आमच्या सोसायटीत एका घराचं काम निघालं. जिन्याखाली लांब हातांची आरामखुर्ची पडली होती, अस्सल सागवानाची, फक्त जाळी फाटलेली. भंगारवाला 300 रुपये देऊन ती नेत होता. मी त्याला थांबवून 500 दिले आणि घरी आणली. जाळी विणायला 1,800 रुपये लागले, पॉलिश मी स्वतः केलं. आज बाबा रोज दुपारी तिच्यात बसून पेपर वाचतात.

माझं म्हणणं एवढंच, की ज्यांना हा जुना घाट खरंच आवडतो त्यांनी आधी घरातली, नात्यातली, शेजारची जुनी वस्तू दुरुस्त करून घ्यावी. ती भंगारात काढून तिची नक्कल हप्त्यावर आणणं मला फार दुखतं.

दोन_खोल्या

ताई, तुमची आरामखुर्ची छान झाली असणार, पण मुद्दा पटला नाही. आमचं घर 420 चौरस फुटांचं. सासऱ्यांचा शिसवी पलंग गावाहून आणायचा ठरवला, तो लिफ्टमध्ये मावेना आणि जिन्यात वळेना. शेवटी परत पाठवला. त्याच्या सांध्यांत ढेकूण होते ते वेगळंच.

मी रेट्रो पद्धतीचा नवा सोफा घेतला. बारीक तिरके पाय, बैठक जमिनीपासून वर. खालून झाडू जातो, फरशी दिसते, खोली मोठी वाटते. परदेशात दुसऱ्या महायुद्धानंतर लहान घरांसाठीच तर असं फर्निचर निघालं. अमेरिकेतल्या ईम्स या डिझायनर दांपत्याने 1942 मध्ये तिथल्या नौदलासाठी जखमी पायाला आधार देणाऱ्या, वाकवलेल्या प्लायवूडच्या पट्ट्या बनवल्या आणि तेच तंत्र पुढे खुर्च्यांना वापरलं. साध्या माणसाला परवडेल, उचलता येईल, अशी ती वस्तू. माझी गरज तीच आहे. आजोबांच्या काळातलं सामान वाड्याच्या मापाचं होतं.

पटाशी

आमच्या घरी तीन पिढ्या सुतारकाम. दोघींचंही खरं आहे, पण विकत घेणाऱ्यांनी एक गोष्ट बघावी. सोफा उलटा करा. तिरका पाय पत्र्याच्या चकतीवर नुसता स्क्रूने फिरवलेला असेल, तर तो वरचा भार सोसतो, पण आडवा धक्का सोसत नाही. आपल्याकडे केर काढताना सोफा रोज ओढला जातो. वर्षभरात स्क्रूचं भोक ढिलं होतं आणि आत एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी) असेल तर त्याचा भुसा पडतो. मग पुन्हा स्क्रू धरत नाही. माझ्याकडे येणाऱ्या नव्या फर्निचरच्या दुरुस्त्यांत याच जास्त असतात.

जुन्या खुर्चीत पायाचं टोक चौकटीच्या खाचेत ठोकून बसवलेलं असतं. ढिलं झालं तर सांधा उघडायचा, जुना गोंद खरवडायचा, पाचर मारून पुन्हा बसवायचा. आणखी तीस वर्षं बघायला नको. सुतारकाम शिकलेल्या कोणालाही येतं हे, फक्त वेळ लागतो आणि त्या वेळेचे पैसे द्यायला लोक कां-कूं करतात.

जुने_नकाशे

‘नक्कल’ या शब्दावर माझा आक्षेप आहे. चंदीगडचा आराखडा करणारा वास्तुकार ल कॉर्बुझिए, त्याचा चुलतभाऊ आणि स्वतःही वास्तुकार असलेला पिएर जानरे 1951 मध्ये चंदीगडला आला आणि 1965 पर्यंत तिथेच राहिला. त्याच्या इच्छेप्रमाणे त्याच्या अस्थीही तिथल्या सुखना तलावात सोडल्या. दुकानात ‘रेट्रो चंदीगड’ म्हणून विकतात त्या घाटाच्या मूळ खुर्च्या त्याच्या देखरेखीखाली सरकारी कचेऱ्या, विद्यापीठ, न्यायालय यांच्यासाठी झाल्या, आणि केल्या कोणी? तिथल्याच सुतारांनी, वेगवेगळ्या कारखान्यांत. त्यामुळे एकाच नमुन्याच्या दोन खुर्च्यांतही फरक सापडतो. मागे खात्याची अक्षरं आणि नंबर रंगवलेले असायचे.

पुढे त्या मोडक्या म्हणून ढिगाने लिलावात निघाल्या, परदेशी व्यापाऱ्यांनी नेल्या आणि तिकडे लाखांनी विकल्या. 2011 मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाला त्यांची विक्री आणि निर्यात रोखण्याचा आदेश काढावा लागला. म्हणजे मूळची वस्तूच स्थानिक सुताराच्या हातची होती. आज आपल्या सुताराने त्याच मापाने, खऱ्या सागवानात, हाताने जाळी विणून खुर्ची केली तर मी तिला त्याच परंपरेतली म्हणेन. दुकानदाराने लाकूड खोटं सांगितलं, तो दोष त्याचा. घाटाचा नाही.

दहा_बाय_बारा

इतका वेळ वाचत होतो, आता राहवत नाही म्हणून लिहितो. ‘आधी घरातली जुनी वस्तू’ हे वाक्य मला लागलं. वडील गिरणीत. दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही सात जण. बसायला सतरंजी, पाहुणा आला की शेजारच्यांकडून घडीची लोखंडी खुर्ची आणायची. वारसा म्हणून माझ्या वाट्याला एक पत्र्याची ट्रंक आली. आईला आरामखुर्चीत बसलेलं मी कधी पाहिलं नाही, कारण ती बसायची उंबऱ्यावर, तांदूळ निवडत.

मागच्या वर्षी मी नवी खुर्ची घेतली, वेताची जाळी आणि रुंद हात असलेली. जाळी मशीनचीच आहे, मला माहीत आहे. आई आता 78 वर्षांची आहे. पहिल्या दिवशी ती दोन्ही हातांवर तळवे ठेवून कितीतरी वेळ नुसती बसून राहिली. माझ्या घरातली जुनी खुर्ची हीच. ती इथून जुनी होईल.

वेतजाळी

दहा_बाय_बारा, तुमच्या आईंबद्दल वाचून थांबले. ‘घरातली’ हा शब्द मी विचार न करता लिहिला. ज्यांच्याकडे होतं त्यांनी ते फेकू नये, एवढंच मला म्हणायचं होतं. ते मी सगळ्यांना लागू केलं, ते चुकलं.

जुने_नकाशे यांचंही मान्य, सुताराने नीट केलेल्या खुर्चीला मी नक्कल म्हणणार नाही. पण खोट्या नावाचा राग माझा गेलेला नाही. सागवान म्हणून रबरवूड विकलं की खऱ्या सागवानात काम करणाऱ्या सुताराचा भाव गिऱ्हाईकाला महाग वाटू लागतो. विणणाऱ्यांचंही तसंच. कितीतरी अंध शाळांत खुर्च्या विणणं शिकवायचे, बोटांनी भोकं मोजत सहा दिशांनी वेत ओवायचे. माझी खुर्ची विणणारे काका तिथेच शिकलेले. तयार तुकडा चिकटवला की त्यांचं काम संपतं.

दहा_बाय_बारा, जाळी मध्ये झोळ धरायला लागली की ओल्या फडक्याने भिजवा आणि सावलीत वाळू द्या, ती पुन्हा ताणली जाते.

पटाशी

पाणी खालच्या बाजूने लावा. वेताची वरची बाजू चकचकीत असते, तिच्यातून मुरत नाही. आणि जाळी मशीनची असल्यामुळे कडेच्या पट्टीला पाणी लागू देऊ नका, गोंद सुटेल.