मदत हवी आहे: एट्रियल फिब्रिलेशनचं (हृदयाचे ठोके अनियमित पडण्याच्या विकाराचं) आपल्याकडचं प्रमाण किती धरावं?

कोथरूडमधल्या आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात नाडी आणि ईसीजी तपासणीचं शिबिर ठरतंय. साठीपुढची दोनशेएक माणसं येतील. त्यात एट्रियल फिब्रिलेशनचे साधारण किती निघतील, यावर हृदयरोगतज्ज्ञांचा किती वेळ मागायचा ते ठरेल.

कॅलिफोर्नियातल्या २००१ च्या अॅट्रिया अभ्यासात पन्नाशीपुढच्या गोऱ्यांत २.२ टक्के, कृष्णवर्णीयांत १.५, ऐंशीपुढे एकंदर ९ टक्के. गंमत म्हणजे रक्तदाबाचा त्रास कृष्णवर्णीयांत जास्त, तरी प्रमाण कमी! मग ते आकडे आपल्याला सरसकट कसे लावायचे? त्यात आपल्याकडे संधिवाताच्या तापाने हृदयाची झडप आकसून हा विकार जडलेलेही असतात, तेही तरुण वयात. भारतातलं जे हाती लागलं ते रुग्णालयांतलं, म्हणजे आधीच आजारी असलेल्यांचं.

ईसीजी एकदाच, अर्ध्या मिनिटाचा. होल्टर (दिवसभर ठोके नोंदवणारं यंत्र) परवडणारं नाही, त्यामुळे ठोके मधूनच बिघडणारे काहीजण सुटणार हे धरलंय. औषधं शिबिरात सुरू करणार नाही, फक्त डॉक्टरांकडे जाण्यासाठी चिठ्ठी देणार.

भारतात, शक्यतो महाराष्ट्रात, घरोघरी किंवा वस्तीत जाऊन केलेल्या पाहणीचे वयोगटवार आकडे कुणाला माहीत आहेत का? आणि अशी शिबिरं घेतलेल्यांना शंभरात प्रत्यक्ष किती सापडले?